दर्जा अपुरा

हर्णै बंदराला लागून जी दवाखान्याची खोली आहे
तिच्या खिडकीला मी काळा कागद चिकटवलाय.
आत एक स्टूल, एक कॅमेरा, हनुवटी टेकवायची पट्टी
आणि मासळीचा वास, जो स्पिरिटनेही जात नाही.

सहा वर्षं मी इथे डोळ्यांचे फोटो काढतो.
म्हणजे डोळ्यांचे नाही, आतल्या पडद्याचे:
नारिंगी गोळा, एका अंगाला पिवळी चकती,
तिच्यातून निघालेल्या सगळ्या तांबड्या नद्या.
साखर तिथवर पोचलीय का, एवढंच बघायचं होतं.

पहिल्या वर्षी पुण्याहून एकच पत्र आलं,
नावं पुसून प्रतिमा पाठवा, यंत्राला शिकवतोय.
आता महिन्याला कुणी ना कुणी डोळे मागतं.
एकाला पडद्यावरून हृदय वाचायचंय, एकाला मूत्रपिंड,
एक गट म्हणतो, नुसता पडदा बघून यंत्र सांगतं
माणूस बाई की बुवा.
कशावरून, ते त्यांनाही अजून उमगलेलं नाही.
हे मी भागीरथी पावसेंना सांगितलं,
तर डोक्यावरची टोपली न उतरवताच म्हणाल्या,
"त्याला मशीन कशाला रं, लुगडा दिसत नाय?"

खोटं कशाला बोलू, यंत्र हुशार आहे.
यासीन दर्वेशच्या डाव्या पडद्यावर
सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका त्याने धरला.
तोच मी दोनदा मोठा करून बघितला होता
आणि सोडून दिला होता.
यासीन पुन्हा नाळीवर उभा राहतो,
मला बघून मुद्दाम डावा डोळा मिचकावतो.

मग शोधनिबंध छापून आला.
अठरा लेखक. आभारांत आमचं गाव, स्पेलिंग चुकलेलं.
मी तक्ता उघडला.
एकूण प्रतिमा सोळाशे सव्वीस.
वगळलेल्या दोनशे चौदा. कारण: दर्जा अपुरा.
आणि त्याखाली अचूकता, टक्क्यांत, ठळक अक्षरात.

माझ्या वहीत नावं पुसलेली नाहीत.
हुसनबी, जिच्या पांढऱ्यावर मांसाची पात
बुबुळापर्यंत सरकत आलीय.
धोंडू चोगले, भर दुपारच्या पाण्याकडे बघत
जाळं ओढता ओढता मोती पिकलेला.
आणि वलांडीशी बोंबील वाळवणाऱ्या बायका,
चाळीस उन्हाळे,
डोळ्यांवर स्वतःच्या हाताचं तेवढं छप्पर.
यांचे फोटो धुरकट येतात,
धुक्यात गलबताचा कंदील दिसावा तसे.
यंत्राला वाटतं कॅमेरा हलला.
कॅमेरा हलला नव्हता.

आज लिलाव आटोपल्यावर भागीरथीबाईंना परत बोलावलं.
थेंब घातले, म्हटलं, वीस मिनिटं डोळे मिटून बसा.
मिटल्या डोळ्यांनीच त्या विचारतात,
"मासा ताजा कसा वलखतोस?"
डोळ्यावरून. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.
"डोला बसला का मासा शिला. बरा.
पन बरफातल्या मासल्याचा डोला
पांढरा होतो, ताजा असून. मंग?"
मला उत्तर येत नाही.
"मंग टाकून देत नाय कोन. कल्ला उघडून बगायचा."
आणि अंगठ्याने हवेतच
कुठल्यातरी सुरमईचा कल्ला उघडून दाखवतात.

पुण्याला पत्र लिहायला घेतलंय.
"महोदय, त्या दोनशे चौदा" इथवर आलंय,
पुढे कल्ल्याचं काय करायचं ते इंग्रजीत सुचत नाही.
बाहेर बर्फाची गाडी पीं पीं करत मागे येते.
"किती झाली?"
नऊ. अजून अकरा.
त्या मान हलवतात, डोळे मिटलेलेच.
पापण्यांआड दोन बाहुल्या
आता हळूहळू मोठ्या होत असतील.